मेलेल्या माणसाची सही

३ मार्च

धाकटे,

तुला आशीर्वाद. अक्षर नेहमीचंच आहे, म्हणजे राळवाल्यांचं. मी बोलतेय, ते लिहितायत, आणि मधूनमधून चष्म्यावरून माझ्याकडे बघतायत, की हेही लिहायचं का. सगळं लिहा म्हटलं. मला वाचता येत नाही म्हणून माझं बोलणं अर्धं पाठवायचं, असं चालणार नाही.

नातीचं लग्न ठरलं. मुलगा घड्याळं दुरुस्त करतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, म्हातारीला कंटाळला. जाताना म्हणाला, आजी, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. मी म्हटलं, मीपण. तेव्हा हसला. हसतो बरा.

आता कामाचं. आपला कायदा तुला मी काय सांगणार, तू शाळेत शिकवलंस. लग्न झालं की बाईचं सगळं नवऱ्याचं. बाबांनी ब्रशांचा कारखाना मला दिला, आणि माझं लग्न लागलं त्या दुपारी तो तुझ्या भावोजींचा झाला. जेवणं उरकायच्या आत. ते गेले तेव्हा मी विधवा झाले, आणि विधवेला कायदा माणूस समजतो, म्हणून तो पुन्हा माझ्या नावावर आला. नातीचं तसं व्हायला नको. तिची आई गेल्यापासून ती माझ्या शेजारी बसून लाकडाच्या भोकांतून तारेने केसांचे झुपके ओढते आहे, तिच्या बोटांना तारेचे घट्टे आहेत. कारखाना तिचाच. वकील म्हणाला, उपाय आहे. लग्नाआधी कागद करायचा, कारखाना एका भरवशाच्या पुरुषाच्या हाती द्यायचा, त्याने तो फक्त नातीसाठी सांभाळायचा. मग नवऱ्याला हात लावता येत नाही. अशा माणसाला विश्वस्त म्हणतात. पुरुषच लागतो. मी राळवाल्यांचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं ते राळ उकळून माझे ब्रश चिकटवतायत, एक झुपका सुटला नाही.

(ते म्हणतात, हे लिहिणं बरं दिसत नाही. लिहा. पूर्वी दरवर्षी मला लग्नाचं विचारायचे, गेली नऊ वर्षं तेही बंद केलंय. म्हातारी झाले, दुसरं काय.)

एकच अडलंय. मी विधवा आहे याचा वकिलाला पुरावा हवा. तेव्हा नगरकचेरीने तुझं पत्र बघूनच नोंद केली होती. आता तेवढ्याने भागत नाही. तुमच्या बंदराच्या दफनभूमीत नोंदवही असेल, त्यातला उतारा घेऊन पाठव. लग्न जूनमध्ये आहे.

तुझी ताई

१९ मार्च

ताईस नमस्कार.

पत्र वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू. नातीला माझा आशीर्वाद सांग. घड्याळजी जावई म्हणजे निदान वेळेवर घरी येईल.

उताऱ्याचं मात्र अवघड दिसतंय. त्या वर्षी तापाची साथ होती, माणसं भराभर जात होती, सगळ्यांच्या नोंदी नीट झाल्याच असतील असं नाही. नंतर दफनभूमीच्या कचेरीत पाणी शिरलं होतं असंही ऐकलंय. मी चौकशी करीन, पण भरवसा देत नाही. माझे गुडघेही आता चढण चढू देत नाहीत.

मला विचारशील तर एवढी घाई कशाला? मुलगा भला आहे असं तूच लिहितेस. लग्न होऊ दे, मग सावकाश बघता येईल. जुन्या गोष्टी उकरून वकिलाच्या हाती देण्यात काय हशील? इतकी वर्षं कुणी काही विचारलं नाही, हे काय थोडं आहे?

तब्येत सांभाळ. राळवाल्यांना नमस्कार.

तुझी धाकटी

२ एप्रिल

धाकटे,

तू आयुष्यभर मुलींना कायदे, नकाशे आणि शुद्धलेखन शिकवलंस, आणि मला सांगतेस की लग्न होऊ दे, मग बघू. लग्न झाल्यावर बघायला उरतं काय? तुझे गुडघे दुखतात हे समजलं. डोकं कधीपासून दुखायला लागलं?

रागावू नकोस. तुला चढण चढायला नको, असंच केलंय. वकिलाचा कारकून या महिनाअखेर तुमच्या बंदरावर जाणारच आहे, त्याचं तिथे दुसरं काम आहे. तो दफनभूमीत जाऊन वही बघेल. वही भिजली असेल तर दगड तर भिजून जात नाही ना. दगडावरचं नाव आणि तारीख दोन साक्षीदारांसमोर उतरून घेतली तरी चालतं म्हणे. मी त्या वेळी दगडासाठी पैसे पाठवले होते आणि कोपऱ्यात एक ब्रश कोरायला सांगितलं होतं, आठवतंय? तू लिहिलंस, सुरेख कोरलाय, केस न् केस दिसतो. तेव्हा सापडायला अडचण नाही. फक्त कोणत्या बाजूला ते कळव. भिंतीकडे की फाटकाकडे?

मी कधी आले नाही तो दगड बघायला. चार वेळा निघाले, चारही वेळा तू नेमकी आजारी पडलीस आणि घरात साथ आहे म्हणून येऊ नकोस म्हणालीस. राळवाले तेव्हा म्हणाले होते, बहिणीला किती जपते. ही गोष्ट मी त्यांना आज पुन्हा सांगितली तर म्हणाले, पुढे सांगा.

ताई

११ एप्रिल

ताई,

त्या कारकुनाला पाठवू नकोस. दगड नाही.

तुला कसं सांगावं याचा विचार एकतीस वर्षं केला आणि आता दोन ओळींत सांगतेय. भावोजी गेले नव्हते. अजूनही आहेत. थकलेत, पण आहेत.

रागावण्याआधी पूर्ण ऐक. ते केस खरेदी करायला बंदरावर आले आणि परत जायचं नाही असं ठरवूनच आले होते. कारखाना विकायचा म्हणत होते. एका व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं. कायद्याने तो त्यांचाच होता, तुला विचारायची गरजही नव्हती. एका सकाळी कुणी कुलूप घेऊन तुझ्या दारात उभं राहिलं असतं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला मोकळं व्हायचंय ना, मग मरा. मी तशी बातमी देते. तिला कारखाना राहील, तुम्हाला तुमचं आयुष्य. पण परत तोंड दाखवायचं नाही. ते कबूल झाले.

माझ्या त्या पत्राने तू विधवा झालीस, म्हणून कारखाना तुझा झाला. नाहीतर तुला ना नवरा राहिला असता, ना घर. मी खोटं लिहिलं, पण तुझ्यासाठी लिहिलं. इतकी वर्षं ओझं मी वाहिलं.

ते इथे एका बाईबरोबर राहतात. तिच्याबद्दल विचारू नकोस, त्याने कुणाचं भलं होणार नाही.

धाकटी

२० एप्रिल

धाकटे,

राळवाल्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, तेच काहीतरी बनवून सांगतायत. त्यांना इतकं चांगलं बनवता येत नाही हे मग लक्षात आलं.

बरं. हिशेब नको, फक्त आठवण करून देते. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी दोन वर्षं काळे कपडे घातले. ब्रशाचे पांढरे केस त्याच्यावर असे चिकटायचे की संध्याकाळी मी घोडीसारखी दिसायचे. लेक विचारायची, बाबांना खूप दुखलं का. मी तुझ्या पत्रातलं तिला ऐकवायचे, शेवटी शांत होते, तुम्हा दोघींचं नाव घेतलं. हे तू घरात बसून लिहिलंस? ते शेजारी होते का? की त्यांनीच सुचवलं?

राळवाल्यांनी मला पहिल्यांदा विचारलं त्याला बावीस वर्षं झाली. मी नाही म्हटलं. माणूस नको होता म्हणून नाही. (लिहा. तुम्हाला ठाऊकच आहे.) लग्न केलं असतं तर दुसऱ्या सकाळी कारखाना त्यांचा. ते म्हणाले, मालकीणबाई, मी तो तुमचाच ठेवीन. मी म्हटलं, ठेवाल, पण मग तो तुम्ही ठेवलेला असेल. म्हणून मी विधवाच राहिले. दरवर्षी त्यांना नाही म्हणून घरी यायचे आणि एकटीच जेवायचे. आणि मी विधवाही नव्हते. म्हणजे मी काय राखत होते, ते मला सांग. तू शिकलेली आहेस.

तू म्हणतेस कारखाना वाचला. वाचला. ते मी नाकारत नाही. पण चोराने घर लुटून जाताना दार नीट लावलं, म्हणून त्याचे आभार मानू?

आता त्या बाईबद्दल. नाव सांगू नकोस, मीच सांगते. तू लग्न केलं नाहीस. शाळेच्या पगारात बागेचं घर घेतलंस. एकतीस वर्षांत एकदाही मला तुझ्या उंबऱ्याशी येऊ दिलं नाहीस. पत्रात कधी चुकूनही ‘मी एकटी आहे’ असं लिहिलं नाहीस. मी आपली म्हणायचे, स्वाभिमानी आहे, रडगाणं गात नाही.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा बाबा म्हणाले, दोघींपैकी एकीलाच शाळा परवडेल. मी म्हटलं, तिला पाठवा, माझी बोटं जलद चालतात. मी एवढंच म्हणते. पुढचं तू लिहीत बस.

वकिलाला मी सगळं सांगितलं, तोंड लपवण्यात आता काय अर्थ. त्याची कॉलर इतकी ताठ आहे की मान फिरवायची तर अख्खा माणूस फिरतो. तो अख्खा फिरला आणि म्हणाला, नवरा जिवंत असेल तर कारखाना त्याचाच आहे, आजी. नातीला द्यायचा तर त्याची सही लागेल. एकतीस वर्षं मेलेल्या माणसाची सही. तेवढी आणून दे. लग्नाला सात आठवडे आहेत. दुसरं काही मागत नाही.

राळवाल्यांनी आज दोनदा शाई सांडली. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय.

ताई

६ मे

ताई,

हो. ती बाई मीच.

तुला हवं ते म्हण. पण तू म्हणतेस तशी मी सुखाच्या राशीवर बसले नव्हते. शाळेत सगळे मला अविवाहित समजायचे, तसं नसतं तर नोकरी गेली असती. हे वरच्या खोलीत राहायचे, पाहुणे आले की जिना उतरायचे नाहीत. बाजारात आम्ही दोघं एका बाजूने कधी चाललो नाही. तू कारखान्याच्या दारात उभी राहून लोकांना नावाने हाका मारतेस, मी एकतीस वर्षं घराचे पडदे ओढत आले.

सही मिळेल. मी त्यांच्याशी बोलले आहे. ते आता अंथरुणातून फारसे उठत नाहीत, पण हात चालतो. त्याच्या बदल्यात मला एक हवंय. हे घर माझ्या पगाराचं आहे. पण बाईला एकटीला घर देत नव्हते, म्हणून ते यांच्या नावावर घ्यावं लागलं. हे गेले की कायदा बायकोला शोधत येईल, आणि कायद्याने बायको तू आहेस. मी कोणीच नाही. म्हातारपणी तू मला बाहेर काढू शकतेस. तेव्हा या घरावर तुझा काही हक्क नाही, असा कागद अंगठा लावून पाठव. तो आला की यांची सही निघेल. आधी नाही. हे तुला सौदा वाटेल, तर सौदा समज.

आणि एक. तू सगळा राग माझ्या एकटीवर काढतेस म्हणून सांगते. तुझ्या राळवाल्यांनाही माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी मी आजारी असताना तुला ब्रशाच्या केसांचं पार्सल धाडलं, त्यावर पत्ता यांनी लिहिला होता. राळवाल्यांनी यांच्याबरोबर आठ-नऊ वर्षं काम केलंय, त्यांनी अक्षर ओळखलं आणि मला परस्पर पत्र लिहिलं. ‘तो जिवंत असेल तर तिला कळू देऊ नका, कळलं तर कारखाना हातचा जाईल.’ ते पत्र अजून माझ्याकडे आहे. आता हे त्यांनी तुला वाचून दाखवलं की नाही, ते तुलाच ठाऊक.

धाकटी

३० मे

धाकटे,

हे अक्षर नातीचं आहे. तिला आता सगळं माहीत आहे. लिहिता लिहिता थांबते आणि माझ्याकडे बघते. तिला म्हटलं, बघू नकोस, लिही.

तुझ्या शेवटच्या वाक्यात तुला जे वाटलं होतं, तसं झालं नाही. त्यांनी वाचून दाखवलं.

दुपारची वेळ होती. मागच्या खोलीत बसलो होतो. राळेचं भांडं चुलीवर होतं. पत्र चांगलं चाललं होतं, म्हणजे वाईट चाललं होतं, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. ‘तुझ्या राळवाल्यांनाही’ इथे थांबले. उठले, भांडं उतरवून खाली ठेवलं, हात पुसले, पुन्हा बसले आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचलं. मग पुढचं सगळं. स्वतःच्या पत्रातलंही. त्यांनी गाळलं असतं तर मला काय कळणार होतं. मी विचारलं, खरं? म्हणाले, खरं. मी विचारलं, नऊ वर्षं? म्हणाले, नऊ वर्षं. कारखाना गेला असता, मालकीणबाई.

मी म्हटलं, तो जाऊ द्यायचा की राखायचा, हे माझं ठरवायचं होतं.

त्यांनी भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं. मग मला समजलं की ते लग्नाचं विचारायचं का थांबले. मी नऊ वर्षं त्यांना त्यावरून चिडवत होते. चारचौघांत चिडवत होते. आणि ते हसायचे, त्यांच्या त्या अर्ध्या हसण्यात. तुम्ही दोघांनी नाही, तुम्ही तिघांनी मिळून मला सांभाळलंत. कुणालाही मला विचारावंसं वाटलं नाही. अक्षर येत नाही ना, मग अक्कलही येत नसणार.

तुझ्या घराच्या कागदावर मी अंगठा लावला. दोन मिनिटंही विचार केला नाही, उपकार समजू नकोस. मला तुझं घर नको होतं, मला बहीण हवी होती. ती कागदावर मिळत नाही. तू म्हणतेस पडदे ओढून जगलीस. त्याचं मला वाईट वाटलं. खोटं बोलत नाही, वाटलं. पण ते पडदे मी शिवले नव्हते.

सही आली. नातीने दाखवली, म्हणाली अक्षर थरथरतंय. वकिलाने कागद वाचला आणि माझ्या नावापुढे काय लिहायचं म्हणून थांबला. विधवा लिहिलं तर सहीचा उपयोग नाही. म्हणून विवाहित लिहिलं. तेव्हा एकतीस वर्षांनी मी पुन्हा नवऱ्याची बायको झाले, एका दुपारपुरती, कारखाना देऊन टाकण्यापुरती.

मग विश्वस्ताचं नाव राहिलं. वकील म्हणाला, भरवशाचा पुरुष कोण? मी बोटांवर मोजायला लागले आणि एकही बोट मुडपलं नाही. नात म्हणाली, मीच का नको? वकील अख्खा फिरला आणि म्हणाला, तुमचं लग्न होतंय. शेवटी मी राळवाल्यांचंच नाव दिलं. माफ केलं म्हणून नाही. त्यांना एक वाक्य गाळता येत होतं आणि त्यांनी गाळलं नाही, एवढंच मी त्यांच्याबद्दल खात्रीने सांगू शकते. बाकी कुणाबद्दल तेवढंही नाही. ते आले, सही केली, टोपी हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, उद्यापासून पत्रं नात लिहील. म्हणाले, बरं. राळ अजून तेच उकळतात. मी मागच्या खोलीत जात नाही.

नातीला विचारलं, अजून करतेस का लग्न? म्हणाली, करते, पण कागद कपाटात कुलपाखाली गेल्यावर. घड्याळजीने तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, आजी, यात माझं काहीच नाही. मी म्हटलं, बरोबर वाचलंस. कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाला, ठीक आहे. बघू. ‘ठीक आहे’ म्हणणारे मी बरेच बघितलेत.

यापुढे लिहू नकोस. तो खरंच गेला तर मला कळवायची गरज नाही, मी त्याच्यासाठी एकदा रडले आहे, पुन्हा रडायची नाही. तू गेलीस तर मात्र कुणाला तरी सांगून ठेव. आणि जे कळवतील त्यांना म्हणावं, दफनभूमीच्या वहीतला उतारा पाठवा, शिक्क्यासकट. तुझ्याकडच्या पत्रावर मी आता कुणाचं मरण खरं धरणार नाही.

ताई